मुलाखतीचा पोशाख : न लिहिलेल्या नियमाची किंमत

बेळगाव आणि निपाणी परिसरात नोकरी शोधणाऱ्या तरुणाला आज घरात दोन परस्परविरोधी पोशाख तयार ठेवावे लागतात. कर्नाटक सरकारच्या भरती परीक्षेला जायचे तर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साधी पँट आणि पातळ तळाची चप्पल. खासगी कंपनीच्या मुलाखतीला जायचे तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, कमरेला पट्टा, पायांत मोजे आणि पॉलिश केलेले बूट. पहिला पोशाख चुकला तर परीक्षा केंद्राच्या दारातच उमेदवाराला अडवले जाते आणि कारणही सांगितले जाते. दुसरा चुकला तर कोणी अडवत नाही, कोणी बोलतही नाही. पुढे निवडयादीत नाव आले नाही, तर त्यामागे कपडे होते की गुण, हे कळायला मार्ग उरत नाही.

या दोन दारांमधला खरा फरक बाह्यांच्या लांबीचा नसून नियमाच्या स्वरूपाचा आहे. परीक्षेचा नियम लेखी आहे, मुलाखतीचा अलिखित. लेखी नियम कोणालाही वाचता येतो. अलिखित नियम मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडून, शेजारच्या नोकरदाराकडून किंवा शहरातल्या मित्राकडून कळावा लागतो. ज्याच्या घरात कार्यालयीन नोकरी करणारी पहिलीच पिढी उभी राहते आहे, त्याला तो सांगणारे कोणी नसते.

गोव्यासाठीही हा शेजारच्या राज्याचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. चोर्ला आणि अनमोड घाट उतरून औषधनिर्मिती कारखान्यांत, हॉटेलांत आणि इस्पितळांत कामाला येणारा सीमाभागातील तरुण गोव्याला अपरिचित नाही. त्याचप्रमाणे बेळगावच्या अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारे गोमंतकीय विद्यार्थीही तिथल्याच मुलाखतींना बसतात. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोव्याचा संबंध आहे.

लेखी नियम कसा आला

कर्नाटकात परीक्षेच्या पोशाखाचे निर्बंध कडक होण्यास ठोस कारण घडले होते. पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ पदांच्या भरतीत गैरव्यवहार उघड झाल्याने २०२२ मध्ये ती परीक्षाच रद्द करावी लागली. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस महामंडळे व मंडळांतील पदांसाठी झालेल्या परीक्षेत कलबुर्गी आणि यादगीर भागांत ब्लूटूथ उपकरणे वापरून कॉपी झाल्याचे समोर आले. परिणामी १८ व १९ नोव्हेंबर २०२३ च्या परीक्षांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने पोशाखसंहिता जाहीर केली. डोके, तोंड किंवा कान झाकणारे वस्त्र नको, पूर्ण बाह्या नकोत, जीन्स नको, बूट नकोत, धातूचे दागिने नकोत असे तिचे स्वरूप होते. मंगळसूत्र आणि जोडवी यांना मात्र सूट देण्यात आली.

ही सूट आपोआप मिळाली नव्हती. त्याच महिन्याच्या आरंभी कलबुर्गीतील एका परीक्षा केंद्रावर महिलांना मंगळसूत्र काढण्यास सांगितल्यावरून मोठा वाद झाला होता. पुढे एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या वेळी शिवमोग्गा व बीदर येथे विद्यार्थ्यांना जानवे काढण्यास सांगितल्याची प्रकरणे गाजली आणि संबंधितांवर कारवाईही झाली. हिजाबचा प्रश्न तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या मार्च २०२२ च्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली.

या साऱ्या वादांची बाजू कोणाची बरोबर, हा वेगळा विषय आहे. त्यातून निघणारा मुद्दा एवढाच, की नियम कागदावर असला म्हणजे त्यावर आक्षेप घेता येतो, सवलत मागता येते, न्यायालयात जाता येते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या तेव्हाही हेच घडले. त्यांवर जाहीर चर्चा झाली. मुलाखतीच्या दालनातील पोशाखाचा नियम मात्र कोणी काढलेलाच नसतो. त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही नसते.

मुलाखत उरली कुठे?

सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर मुलाखत जवळजवळ संपली आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात तिचा प्रश्न उपस्थित केला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘ब’ अराजपत्रित, गट ‘क’ व ‘ड’ पदांसाठीच्या मुलाखती बंद झाल्या. मुलाखतीच्या नावाखाली वशिला आणि पैसा चालतो, गरिबाला त्याचा फटका बसतो, हे त्यामागचे कारण होते. गोव्यातही कर्मचारी निवड आयोग आता संगणकाधारित परीक्षा घेतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात सैन्यभरतीचे आकर्षण मोठे. तिथे आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग १.६ किलोमीटरची धाव. धावणाऱ्याचा पोशाख कोणी पाहत नाही, आणि निवड झाल्यावर गणवेश सरकारच देते.

मुलाखत उरली आहे ती प्रामुख्याने खासगी क्षेत्रात. उद्यमबागेतील ओतकाम आणि यंत्रभागांचे कारखाने, हत्तरगीचे विमानांचे सुटे भाग बनविणारे विशेष आर्थिक क्षेत्र, खासगी इस्पितळे, बँका, विमा कंपन्या, कॅम्पसवर येणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या, आणि गोव्यातील हॉटेले व औषध कंपन्या. सरकारी जागा मोजक्या असल्याने बहुसंख्य तरुणांची गाठ शेवटी याच दारांशी पडते. सरकारने वशिल्याची जागा म्हणून जी पद्धत मोडीत काढली, तिच्यावरच त्यांचे भवितव्य अवलंबून असते.

सीमाभागातील मराठी उमेदवाराची यात आणखी एक अडचण आहे. त्याचे प्राथमिक शिक्षण मराठीत, कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये आणि मुलाखत बहुधा इंग्रजीत. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांवर ५० टक्के आणि अन्य पदांवर ७० टक्के स्थानिकांना जागा देण्याचे विधेयक मंजूर केले होते. त्यात माध्यमिक शाळेत कन्नड विषय नसलेल्यांना भाषेची परीक्षा देण्याची अट होती. उद्योगजगताच्या विरोधानंतर ते विधेयक थांबविण्यात आले. त्याआधी दोनच महिने गोव्यातील कारखान्यांसाठीच्या मुलाखती महाराष्ट्रात घेण्याच्या औषध कंपन्यांच्या जाहिरातींवरून गोव्यात वादळ उठले होते. स्थानिक कोण, कोणाची भाषा चालणार, हे प्रश्न तिन्ही राज्यांत तापलेले आहेत. अशा वातावरणात मुलाखतीला जाणाऱ्या सीमाभागातील मुलाला आपण ‘बाहेरचे’ दिसू नये, याची धास्ती अधिक असते, आणि दिसणे म्हटले की पहिला प्रश्न कपड्यांचाच येतो.

डोळ्यांचा निवाडा

गुणवत्ता असेल तर कपड्यांनी काय फरक पडतो, असे म्हणणे सोपे आहे. संशोधन मात्र तसे सांगत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी डिसेंबर २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात नऊ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच चेहरा कधी किंचित श्रीमंती वाटणाऱ्या कपड्यांत, तर कधी किंचित गरिबी वाटणाऱ्या कपड्यांत दाखवला असता, पहिल्या कपड्यांतील व्यक्ती अधिक सक्षम मानली गेली. चित्र सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाएवढा वेळ दाखवले तरी हा परिणाम टिकला. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे स्पष्ट सांगितले, त्या व्यक्तीच्या व्यवसायाची माहिती दिली, अचूक निवाड्यासाठी पैशाचे आमिष दाखवले, तरीही तो पूर्णपणे पुसला गेला नाही.

याचा अर्थ मुलाखत घेणारे वाईट हेतूचे असतात, असा नव्हे. प्रामाणिक माणसाचीही नजर त्याला न विचारता निवाडा करून मोकळी होते. म्हणून गरीब घरातील उमेदवाराला ‘कपड्यांना महत्त्व देऊ नकोस’ असे सांगणे ही त्याची दिशाभूल आहे. त्याचबरोबर, जो निवाडा उमेदवाराच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही, तो तसाच चालू देणे हे कंपनीच्याही हिताचे नाही.

एका संचाचा खर्च

शर्ट, पँट, पट्टा आणि बूट असा एक संच घ्यायचा म्हटला तर खडेबाजार किंवा गणपत गल्लीतील साध्या दुकानातूनही महिन्याच्या घरखर्चाला जाणवेल एवढी रक्कम जाते. कर्नाटकाच्या युवानिधी योजनेत पात्र बेरोजगार पदवीधराला दरमहा ३,००० रुपये आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. त्यातून अर्जांचा, प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च निघाल्यावर ब्लेझरसाठी काय उरणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांमुळे थोडा दिलासा मिळाला आहे. २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर आणि तेवढ्याच किमतीपर्यंतच्या पादत्राणांवर आता ५ टक्के कर आहे. पूर्वी हजार रुपयांवरील कपड्यांवर १२ टक्के आणि तेवढ्याच किमतीवरील पादत्राणांवर १८ टक्के होता. मात्र २,५०० रुपयांहून महाग कपड्यावर आता १८ टक्के कर लागतो. म्हणजे साधा शर्ट, पँट व बूट स्वस्त झाले, बरेचसे ब्लेझर महागले. मुलाखतीसाठी ब्लेझर हवाच, हा समज मोडून काढण्यास यापेक्षा ठोस कारण नको.

मुलींच्या बाबतीत प्रवासाचा हिशेबही वेगळा आहे. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्यांतर्गत साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. निपाणीची मुलगी बेळगावच्या मुलाखतीला तिकिटाविना जाऊ शकते. कोल्हापूर तिला बेळगावपेक्षा जवळ आहे, पण तिथे जायचे तर तिकीट काढावे लागते. गोवा तर आणखी दूर. ज्या निपाणीत अनेक कुटुंबांचा संसार तंबाखूच्या वखारींवर आणि विड्या वळण्याच्या मजुरीवर चालत आला, तिथे एका मुलाखतीचा खर्च हा मजुरीच्या किती दिवसांचा, या हिशेबाने मोजला जातो. ठेवणीतली साडी आणि एखाद्या लग्नासाठी घेतलेला झगमगीत ड्रेस घरात असतो; रोजच्या कार्यालयाला शोभेल असे साधे कापड नसते. चुका बहुधा इथेच होतात. कपडे कमी म्हणून होत नाहीत, लग्नघराचे कपडे कार्यालयात घातले जातात म्हणून होतात.

याच मातीतील दोन दाखले

पोशाख आणि प्रतिष्ठा यांचा संबंध बेळगाव-निपाणीला नवा नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. ते त्यांच्या अध्यक्षतेखालचे एकमेव अधिवेशन. काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची आणि काँग्रेसच्या कामात खादी वापरण्याची अट त्याच अधिवेशनाने मान्य केली. तीन वर्षांपूर्वीच गांधींनी पंचा स्वीकारून गरिबाचा पोशाख हा स्वतःचा पोशाख केला होता.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झाली. आंबेडकरांचा सूट हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा अविभाज्य भाग राहिला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड दागिने टाकून देण्यास सांगितले, आणि स्त्रियांनी ते लगेच आचरणातही आणले. कोणत्या जातीने काय नेसावे, हा त्या काळचा अलिखित नियम होता. तो मोडण्याचे ते पाऊल होते.

दोघांच्या मार्गांत अंतर मोठे होते. परंतु कपड्यांना दोघांनीही क्षुल्लक मानले नाही. ज्याची प्रतिष्ठा समाजाने आधीच मान्य केली आहे, त्याला साधेपणा शोभून दिसतो. ज्याची प्रतिष्ठा नाकारली गेली आहे, त्याच्यासाठी नीटनेटका पोशाख हा हक्काचा दावा असतो. मुलाखतीला उसना बूट मागून जाणाऱ्या मुलाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याला नट्टापट्टा म्हणणे अन्यायाचे आहे.

काय पुरेसे आहे?

बहुतेक नोकऱ्यांसाठी लागणारा पोशाख समजला जातो त्यापेक्षा साधा आहे. फिकट, एकरंगी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गडद पँट, काळा किंवा तपकिरी पट्टा आणि त्याच रंगाचे बूट एवढ्यावर अभियंत्यापासून विमा प्रतिनिधीपर्यंत बहुतेकांचे काम भागते. मुलींना साडी, सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट यांपैकी जे अंगवळणी पडले आहे ते योग्य. त्या दिवशी प्रथमच नेसलेली साडी आत्मविश्वास वाढविण्याऐवजी लक्ष खाते. किमतीपेक्षा माप महत्त्वाचे. खांद्यावर ढगळ असलेला महाग शर्ट, गल्लीतल्या शिंप्याकडून बेताचा करून घेतलेल्या जुन्या शर्टापुढे फिका पडतो. इस्त्री, कापलेली नखे, विंचरलेले केस आणि अत्तराचा अभाव यांना पैसे लागत नाहीत.

कामाचे स्वरूप पाहूनही निवड करावी. ओतकामाच्या कारखान्यात पर्यवेक्षकाच्या मुलाखतीनंतर अनेकदा प्रत्यक्ष यंत्रशाळेत नेले जाते. तिथे लोंबता टाय धोक्याचा आणि गुळगुळीत तळाचे बूट निरुपयोगी. गोव्यातील हॉटेलांत स्वागतकक्षाच्या जागेसाठी दिसण्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, कारण तिथे तो कामाचाच भाग आहे. बेळगावचा पावसाळा हा आणखी एक परीक्षक. जून ते सप्टेंबर या काळात गावातून निघताना बूट पिशवीत आणि चप्पल पायांत, इस्त्रीचा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि तिथे पोहोचून बदलणे, ही साधी युक्ती अनेकांना वाचवते.

जबाबदारी कोणाची?

हे सारे उमेदवाराने करावे, पण भार त्याच्यावरच टाकून थांबणे योग्य नव्हे. पहिली जबाबदारी कंपन्यांची आहे. मुलाखतपत्रात वेळ आणि पत्ता असतो, तसेच पोशाखाचे एक वाक्य असायला काय हरकत आहे? ‘स्वच्छ, नीटनेटका कार्यालयीन पोशाख पुरेसा, टाय किंवा ब्लेझर आवश्यक नाही’ असे लिहिले, तर गावाकडच्या उमेदवाराचे पैसे आणि दोन रात्रींची झोप वाचेल. परीक्षा प्राधिकरण केंद्राच्या दारातील नियम आधी छापते, मग कंपनीला तिच्या दालनातील अपेक्षा छापायला कसला संकोच?

दुसरी सुधारणा मुलाखतीच्या पद्धतीची. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची संरचित मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देते, हा मानसशास्त्रातील अनेक दशकांचा निष्कर्ष आहे. उत्तराला लगेच गुण दिले, की पहिल्या नजरेच्या निवाड्याला वाव कमी मिळतो. पोशाख हा कामाचाच भाग असेल, तर त्यालाही उघडपणे ठरावीक गुण द्यावेत. नसेल, तर गुणपत्रिकेत त्याला जागा नको.

तिसरी जबाबदारी संस्थांची. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेली ‘ड्रेस फॉर सक्सेस’ ही संस्था स्त्रियांना मुलाखतीसाठी कपडे पुरवते. त्याच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेने २०१८ मध्ये पुस्तकांप्रमाणे टाय, हँडबॅगा आणि ब्रीफकेस वाचकांना उसन्या देण्यास सुरुवात केली. बेळगावला ग्रंथालयांची दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. शिक्षणसंस्था, युवक मंडळे आणि महिला मंडळे गल्लोगल्ली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षात विविध मापांचे दहा-वीस शर्ट, काही पँटी, बूट आणि एक इस्त्री असलेले कपाट ठेवणे ही कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातील गोष्ट आहे. नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी ते कपाट आनंदाने भरतील. घेणाऱ्याचे नाव वहीत एवढेच हवे, फलकावर नको.

वडगाव, शहापूर आणि खासबागच्या मागांवर विणकरांनी पिढ्यान् पिढ्या इतरांसाठी साड्या विणल्या. त्या वस्त्यांतील मुले-मुली आज पदवी हातात घेऊन मुलाखतीच्या रांगेत उभी आहेत. भाषेची परीक्षा त्यांना द्यावी लागणार, ज्ञानाचीही द्यावी लागणार, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. तिसरी, कोणीही न सांगितलेली कपड्यांची परीक्षा मात्र त्यांच्याकडून घेतली जाते. ती रद्द करणे कोणा एकाच्या हाती नसले, तरी तिचा अभ्यासक्रम आधी जाहीर करणे प्रत्येक कंपनीच्या हाती आहे. बेळगावच्या उद्योजकांनी आणि सीमाभागातून माणसे घेणाऱ्या गोव्यातील व्यवस्थापनांनी पुढच्या मुलाखतपत्रात ते एक वाक्य घालून त्याची सुरुवात करावी.